उपकेंद्रातल्या सिस्टरांना

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

दर महिन्याला बीपीची गोळी न्यायला येणारे पटकेवाले आबा तुम्हाला आठवत असतील. मी त्यांचा थोरला. त्या दिवशी बाकावरून "अजून किती वेळ?" म्हणून तुमच्यावर खेकसलेला तोच.

बीपीच्या मशीननं लागोपाठ तीनदा तीन वेगळे आकडे दाखवले. मी म्हटलं, सेल गेले असतील. तुम्ही मशीन बाजूला सारलं, आबांचं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पुरतं एक मिनिट मोजलंत. मग छातीला स्टेथो लावून पुन्हा एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं असतं, तरी कुणी जाब विचारला नसता. बाहेर रांग होतीच.

"धडधड होते का आबा? चक्कर? दम?"

"मला काय धाड भरलीय?"

एकाहत्तराव्या वर्षी रोज विहिरीपर्यंत चालत जाऊन येणारा माणूस, आम्हालाही तेच वाटायचं. तुम्ही वाद घातला नाहीत. चिठ्ठी लिहिलीत: नाडी अनियमित, ईसीजी करावा.

ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसत नाहीत, नुसते थरथरतात. रक्त तिथं साकळतं, गुठळी होते, ती मेंदूकडे गेली की अर्धांगवायू. हा धोका इतरांपेक्षा साधारण पाचपट, आणि कित्येकांना तोवर काहीच जाणवत नाही. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, झडपा ठीक निघाल्या. वय आणि बीपी दोन्ही धरून रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू झाली.

घरी आल्यावर मला आमचं मशीन आठवलं. दिवाळीत मीच आणलेलं. त्यावर आकड्यांशेजारी एक बदाम लुकलुकायचा. मी दोनदा सेल बदलले, मग वैतागून कपाटात टाकलं. आता माहितीपुस्तिका उघडली (ती कोण वाचतं एरवी!), तर ठोके अनियमित असल्याची ती खूण. बिघाड समजून मी ती महिनोन् महिने कपाटात कोंडली होती.

आबांची गोळी चुकत नाही. परवा दाढ काढायला गेलो, तर खुर्चीत बसायच्या आधी तेच डॉक्टरांना म्हणाले, "माझं रक्त पातळ केलंय बरं का."

यंदा हुरड्याला या, सिस्टर. खेकसल्याची माफी मला समोर मागायची आहे.

आपला,
आबांचा थोरला