किरणोत्सर्ग मोजणीत नागरिकांनाही घ्या

संपादक महोदय,

वाशी खाडीपुलावरून ट्रॉम्बेची टेकडी दिसते. तिच्या पायथ्याशी भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, त्यामुळे आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ‘रेडिएशन वाढलंय’ असा मेसेज अधूनमधून फिरतोच. आकडा मात्र कुणाकडेच नसतो.

मी भौतिकशास्त्राचा निवृत्त शिक्षक. नातवाने मोबाइलच्या कॅमेऱ्यावर काळी चिकटपट्टी लावून किरणोत्सर्ग मोजणारे अ‍ॅप दाखवले. गॅमा किरण सेन्सरवर आदळले की ठिपका उमटतो, तेच ते मोजते. तत्त्व खरे आहे, पण तासाला ०.१ मायक्रोसिव्हर्टच्या (किरणोत्सर्गाची मात्रा मोजण्याचे एकक) आसपासची नैसर्गिक पातळी त्याला धड कळत नाही. फोन तापला तरी ठिपके वाढतात! अशा आकड्यांनी घबराटच पसरेल.

जपानमध्ये २०११च्या फुकुशिमा अणुदुर्घटनेनंतर ‘सेफकास्ट’ या नागरिकांच्या गटाच्या स्वयंसेवकांनी गायगर काउंटर (किरणोत्सर्ग मोजणारे उपकरण) गाडीला लावून रस्तोरस्ती नोंदी घेतल्या आणि नकाशा सर्वांसाठी खुला केला. मोजायला खरे उपकरण, मोबाइल फक्त नोंदी पाठवायला, ही पद्धत इथेही जमेल. महापालिकेने प्रमाणित काउंटर काही महाविद्यालयांना द्यावेत. तपासणी अणुसंशोधन केंद्राने करावी.

मला अणुभट्टीपेक्षा भंगाराची काळजी जास्त वाटते. २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठाने लिलावात काढलेल्या यंत्रातला कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी धातू भंगारवाल्यांनी नकळत फोडला, त्यात एक कामगार दगावला. सुरुवात तळोजा-रबाळ्याच्या भंगार गोदामांपासून करावी.

– एक निवृत्त शिक्षक, वाशी