पेनिसिलीनच्या पिंपरीत एक इंजेक्शन अकरा दिवस मिळालं नाही

प्रति,
मा. मंत्री महोदय,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

काल दुपारी पावणेतीन वाजता माझ्या मोबाईलवर मेसेज आला, ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ तेव्हा मी बावन्न दिवसांच्या नातीला मांडीवर घेऊन बसले होते. तिचा डावा हात आता कुठे हलायला लागला आहे. माझी तक्रार होती, गरोदर मुलीला सिफिलीसवरचं पेनिसिलीनचं इंजेक्शन अकरा दिवस मिळालं नाही. निकाली म्हणजे काय झालं ते बघायला शेजारच्या मुलाला बोलावून पोर्टल उघडायला लावलं. उत्तरात एकच ओळ होती : ‘सदर औषध मागणीनुसार उपलब्ध असल्याचे संबंधितांनी कळविले आहे.’

आपल्यामागे राज्याचा व्याप आहे, आपला वेळ मौल्यवान आहे, हे मी जाणते. तरी हे पत्र शेवटपर्यंत वाचावं अशी हात जोडून विनंती आहे.

माझ्या धाकट्या मुलीचं हे पहिलं बाळंतपण. चौथ्या महिन्यात तिचं नाव नोंदवलं, त्याच दिवशी रक्त घेतलं. हिमोग्लोबिन, शुगर, एचआयव्ही, व्हीडीआरएल, सगळं. पुढच्या वेळी विचारलं तर म्हणाले, रिपोर्ट नॉर्मल असतील, काही असतं तर सांगितलं असतं. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची तपासणी करायची योजना २०१६ पासून आहे. माझी मुलगी तीन वेळा ९ तारखेलाच गेली. तीन वेळा वजन झालं, तीन वेळा लोहाच्या गोळ्या मिळाल्या. सातव्या महिन्यात एक नवीन डॉक्टरबाई बसल्या होत्या. त्यांनी फाइल उलटीपालटी केली, तेव्हा सोनोग्राफीच्या कागदामागे पिन मारलेला पिवळा कागद निघाला. त्यावर लाल शाईत लिहिलेलं होतं, ‘व्हीडीआरएल रिअ‍ॅक्टिव्ह’, म्हणजे रक्ताच्या तपासणीत सिफिलीसची खूण सापडली होती. तारीख तीन महिन्यांपूर्वीची. तो कागद तीन महिने आमच्याच पिशवीत होता, साहेब. आम्ही तो घेऊन घरी येत होतो, परत घेऊन जात होतो.

माझ्या आईच्या काळी या रोगाला गरमी म्हणत. पुस्तकात त्याला उपदंश म्हणतात, डॉक्टर सिफिलीस म्हणतात. त्याचा जंतू ट्रेपोनेमा पॅलिडम. बाटलीचं बूच काढायच्या स्क्रूसारखा पिळलेला आणि इतका बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतसुद्धा नाही. १९०५ मध्ये बर्लिनमध्ये शाउडिन आणि हॉफमान या दोघांनी तो शोधला. पहिल्यांदा एक फोड येतो, तो दुखत नाही. बाईच्या बाबतीत तो आत असतो, तिला कळतही नाही. मग तो आपोआप बरा होतो. पुढे तळहात-तळपायावर चट्टे येतात, तेही जातात. बाई धडधाकट दिसते, कामाला जाते, लग्न होतं, दिवस राहतात. आणि तो जंतू वार ओलांडून पोटातल्या बाळापर्यंत पोहोचतो. हे सगळं मी बावन्न दिवसांत शिकले. दहावी शिकलेली बाई आहे मी. डबे करून पोट भरते.

त्या दिवशी ओपीडीत चाळीसेक बायका बसल्या होत्या. त्यांच्यासमोर तिथल्या एक जणी मोठ्यानं माझ्या मुलीला म्हणाल्या, “नवऱ्याचं बाहेर काही आहे का?” मुलीनं पदर तोंडात धरला. एचआयव्हीसाठी वेगळी खोली असते, दार लावून समजावणारी समुपदेशक असते, आणि ते योग्यच आहे. पुण्यात भोसरीला १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली, आम्ही त्याच भागात लहानाचे मोठे झालो, एचआयव्ही झालेल्या माणसाशी कसं बोलायचं हे या शहरानं तेव्हापासून शिकून घेतलं. सिफिलीसच्या बाईशी कसं बोलायचं हे कुणी शिकवायचं? जावयाचा दोष आहे तो आमचा आम्ही बघू. त्याचं रक्त तपासलं, त्यानं इंजेक्शन घेतलं, तो आता मान खाली घालून घरात वावरतो. बाळानं काय केलं होतं?

आता त्या इंजेक्शनचं सांगते. औषधाचं नाव बेंझाथिन पेनिसिलीन. गरोदर बाईच्या सिफिलीसवर बाळापर्यंत पोहोचणारं, खात्रीचं असं हे एकच औषध. पेनिसिलीन सिफिलीसवर पहिल्यांदा वापरलं १९४३ मध्ये आणि आज ऐंशी वर्षांनंतरही या जंतूला पेनिसिलीनची सवय झालेली नाही. बाकी जंतू औषधांना दाद देईनासे झाले, हा नाही झाला. चोवीस लाख युनिट्सचा डोस असतो, बारा लाख एका कुल्ल्यात, बारा लाख दुसऱ्या. आजार किती जुना ते माहीत नसेल तर आठवड्याच्या अंतरानं तीन वेळा.

पहिल्या ठिकाणी म्हणाले, शिल्लक नाही, बाहेरून आणा. बाहेर तीन दुकानं फिरलो. शेवटी जावई पीएमपीच्या बसनं सदाशिव पेठेत होलसेलवाल्यांकडे गेला, तिथे दोन बाटल्या मिळाल्या. दुकानदार म्हणाला, स्वस्त औषध आहे हो, कुणी ठेवत नाही. बाटल्या घेऊन परत गेलो तर म्हणाले, आम्ही देत नाही, रिअ‍ॅक्शन येते, मोठ्या दवाखान्यात जा. मोठ्या दवाखान्यात गुप्तरोगाची ओपीडी ठरावीक दिवशी. तो दिवस उजाडला तर तिथून स्त्रीरोग विभागात पाठवलं, स्त्रीरोगवाल्यांनी परत गुप्तरोगात. मध्ये शनिवार-रविवार, मध्ये एक सुट्टी. पिवळा कागद सापडल्यापासून पहिली सुई टोचेपर्यंत अकरा दिवस गेले. मी कॅलेंडरवर खुणा केल्या आहेत, बघायला देईन. रिअ‍ॅक्शन क्वचित येते, आली तर अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन हातापाशी पाहिजे. म्हणजे एक ट्रे आणि अर्धा तास बाईला बसवून ठेवायची तयारी. एवढं ज्या दवाखान्यात नाही, तिथे बायकांची बाळंतपणं कशाच्या भरवशावर करता?

या काळात मुलीला लघवीला जळजळ सुरू झाली, थंडी वाजून ताप आला. तपासलं तर ई. कोलाय. आपल्याच आतड्यातला जंतू, तिथे असतो तोवर गुण्यागोविंदानं राहतो, लघवीच्या मार्गात चढला की किडनीपर्यंत जातो. गरोदरपणात गर्भाशयाचा दाब पडतो, लघवी तुंबते, त्यामुळे धोका जास्त. कल्चरच्या कागदावर औषधांची यादी होती आणि पुढे आर, आर, आर. आर म्हणजे लागू पडत नाही. तो ताप का आला ते मी सांगते. सकाळी सातला रांगेत उभं राहायचं, एक-दीडला नंबर. बायकांच्या शौचालयाला कुलूप. किल्ली मावशींकडे, मावशी वॉर्डात. म्हणून माझी मुलगी घरून निघताना पाणी पीत नव्हती. तिथल्या सगळ्याच बायका पीत नव्हत्या. मी त्यांना विचारलं आहे. गरोदर बाई सहा तास पाणी न पिता, लघवी दाबून बसते आणि भिंतीवर तुमचा फोटो असतो, खाली ‘भरपूर पाणी प्या’.

पहिल्या इंजेक्शननंतर बाविसाव्या दिवशी ती बाळंत झाली. आठव्या महिन्यात. तापामुळे बाळ लवकर आलं की सिफिलीसमुळे, ते सांगता येत नाही असं डॉक्टर म्हणाले. वजन एक किलो नऊशे. तळहात-तळपायांची सालं निघत होती. नाक चोंदलेलं, रक्ताळलेलं. पोट टम्म, यकृत वाढलेलं. डावा हात चिंधीसारखा पडलेला, हाडाला सूज होती म्हणून ती तो हलवत नव्हती. दुपट्यात गुंडाळताना हाताला धक्का लागला की ती जो टाहो फोडायची, तो मी पुन्हा लिहू शकत नाही.

बालरोगतज्ज्ञ चांगले होते, देव त्यांचं भलं करो. त्यांनी मला समजावलं. बाळंतपणाच्या आधी किमान तीस दिवस आईचे उपचार सुरू झालेले असतील तर बाळाला ते पोहोचले असं धरतात. आमचे बावीस दिवस भरले होते. आठ दिवस कमी पडले. बावीस अधिक अकरा किती होतात, मंत्री महोदय? तेहेतीस होतात. तिसरीतलं पोर सांगेल.

मग दहा दिवस बाळाच्या शिरेतून पेनिसिलीन, आधी दर बारा तासांनी, नंतर दर आठ तासांनी. शीर सापडायची नाही, मग कपाळाजवळ सुई. दहा रात्री मी जिन्याखाली चटई टाकून झोपले. डबे बंद झाले, सात गिऱ्हाइकं तुटली ती तुटलीच. गळ्यातली पोत पतसंस्थेत आहे. मुलीच्या सासूनं अजून बाळाला हातात घेतलेलं नाही. मला रात्री झोप लागत नाही. लागली तर तो पिवळा कागद दिसतो.

आणि हे सगळं कुठे घडलं? पिंपरीत. आपल्याला ठाऊक असेलच, स्वतंत्र भारताचा पेनिसिलीनचा पहिला सरकारी कारखाना इथे उभा राहिला. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची मदत होती, १९५५ मध्ये उत्पादन सुरू झालं. माझे वडील त्या एचएमध्ये होते, फर्मेंटेशनला. मोठमोठ्या टाक्यांत बुरशी वाढवायची, तिला निर्जंतुक हवा सतत द्यायची. नाइट शिफ्ट करून आले की त्यांच्या शर्टाला आंबूस वास यायचा. आई तो शर्ट वेगळा भिजत घालायची. वडील म्हणायचे, हवा पाच मिनिटं बंद पडली तर सगळी टाकी वाया, म्हणून आम्ही डोळ्याला डोळा लावत नाही. याच कारखान्यानं हमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं, नावात एचए आहे ते त्यामुळे. माझ्या वडिलांना त्याचा केवढा अभिमान होता. पुढे चीनमधून स्वस्त पेनिसिलीन आलं आणि देशातले पेनिसिलीनचे कारखाने एकामागून एक थंड पडले. २०१६ मध्ये एचएची जादा जमीन विकून देणी भागवायचा निर्णय झाला. २०२४ मध्ये आंध्रात काकीनाड्याकडे पेनिसिलीनचा नवा कारखाना निघाला, तर केवढा गाजावाजा झाला! अहो, जे आपल्याकडे सत्तर वर्षांपूर्वी होतं ते तुम्ही घालवलंत. मी पक्षाचं बोलत नाही. सगळ्यांचीच सरकारं येऊन गेली. ज्या टाकीशेजारी माझ्या बापानं रात्री जागवल्या, तिथून दोन किलोमीटरवर त्याच्या पणतीसाठी त्याच औषधाच्या दोन बाटल्या नव्हत्या.

वचनं तर किती! जन्मजात सिफिलीस देशातून घालवायचं धोरण २०१५ मध्ये निघालं, मुदत २०१७ ची. मग ते एड्स नियंत्रणाच्या पाचव्या टप्प्यात गेलं, मुदत २०२५-२६. दरम्यान क्यूबानं २०१५ मध्ये करून दाखवलं, थायलंडनं २०१६ मध्ये, श्रीलंकेनं २०१९ मध्ये. श्रीलंकेकडे आपल्यापेक्षा जास्त पैसा आहे का? जगात २०२२ मध्ये सात लाख बाळांना हा रोग आईच्या पोटात झाला, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात पुणे जिल्ह्यातली किती, हे मी तीन ठिकाणी विचारलं. कुणी आकडा दिला नाही. माझी नात कुठल्या रजिस्टरमध्ये आहे, की तीही निकाली निघाली?

रोग गुप्त म्हणतात. गुप्त कसला? रेल्वेच्या रुळांलगतच्या प्रत्येक भिंतीवर भोंदूंनी रंगवून ठेवला आहे. गुप्त आहे तो फक्त तुमच्या बैठकांतून, तुमच्या भाषणांतून. बायकांच्या कमरेखालचा कुठलाही आजार म्हटला की या राज्यात सगळ्यांचे आवाज बारीक होतात, आणि मग रांगेत त्या बाईवर मात्र मोठ्यानं ओरडायला कुणालाच लाज वाटत नाही.

मला नुकसानभरपाई नको. बोटाच्या थेंबावर एचआयव्ही आणि सिफिलीस दोन्ही वीस मिनिटांत सांगणारी पट्टी आहे. ती प्रत्येक नावनोंदणीला लावा आणि बाई तिथून उठायच्या आत तिला दार लावून निकाल सांगा. जिथे पट्टी, तिथेच त्याच दिवशी इंजेक्शन द्या. नवऱ्याला त्याच आठवड्यात बोलवा. शौचालयाची किल्ली बाहेर खिळ्याला लटकवा, त्याला शासन निर्णय लागत नाही. आणि माझ्या तक्रारीवर ज्यांनी ‘मागणीनुसार उपलब्ध’ लिहिलं, त्यांनी एकदा माझ्यासोबत चिठ्ठी घेऊन ते इंजेक्शन मागायला यावं. मी बसचं तिकीट काढते.

२८ तारखेला नातीच्या कानांची तपासणी आहे. या रोगात ऐकू येणं पुढे कधीही जाऊ शकतं, म्हणून वरचेवर तपासायला सांगितलं आहे. रक्त तिसऱ्या महिन्यात पुन्हा. फाइल आता मी स्वतः ठेवते, प्रत्येक कागद वेगळा, पिना काढून टाकल्या आहेत. नाव लिहीत नाही, कारण मुलीला त्याच गल्लीत राहायचं आहे. तक्रारीचा क्रमांक तुमच्या पोर्टलवर आहेच.

आपली,
एक आजी
नेहरूनगर, पिंपरी, पुणे