दर ४५ मिनिटांनी म्हणजे नक्की कधी?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

तुमच्या पुरवणीत परवा डेटाबेसचे रिपोर्ट आपोआप कसे काढायचे यावर लेख आला होता, चांगला होता, सोप्या भाषेत होता, मी आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर पण टाकला. पण त्यातलं चौथं उदाहरण चुकलंय, आणि कोणी ते तसंच्या तसं उचलून लावलं तर महिनोन्महिने त्याला पत्ता पण लागणार नाही की काय बिघडलंय, म्हणून हे पत्र. लांबलंय जरा, कात्री तुमच्याच हातात आहे.

लेखात म्हटलंय की क्वेरी (डेटाबेसला दिलेला हुकूम) दर ४५ मिनिटांनी पळवायची असेल तर क्रॉनच्या (ठरलेल्या वेळी कामं आपोआप सुरू करणारा प्रोग्रॅम) ओळीत मिनिटाच्या जागी */४५ लिहा. (आकडे मी इथे मराठीत लिहितोय, मशीनला इंग्रजी आकडेच द्यायचे, नाहीतर ओळच घेणार नाही.) आता क्रॉन असं मोजतच नाही हो. मागच्या वेळी कधी पळवलं होतं, त्यात ४५ मिळवा, असला हिशोब त्याच्याकडे नसतो. तो दर मिनिटाला उठतो, घड्याळ बघतो, आत्ताचं मिनिट ओळीत बसतंय का ते तपासतो, बसलं तर काम सोडतो नाहीतर परत झोपतो. */४५ चा अर्थ त्याच्या लेखी एवढाच की ० पासून निघा, ४५ ची उडी मारा, ५९ च्या आत जे सापडेल ते घ्या. सापडतात दोनच, ० आणि ४५. म्हणजे क्वेरी ९:०० ला पळणार, ९:४५ ला पळणार आणि मग लगेच १०:०० ला. */७ लावलं तरी हेच, ५६ व्या मिनिटानंतर चार मिनिटांत परत शून्य. साठला पूर्ण भाग जाणारा आकडा असेल तरच अंतर सारखं पडतं, आणि लोक सहसा ५, १०, १५, ३० हेच घेतात त्यामुळे ही भानगड कोणाच्या लक्षातच येत नाही.

तुम्ही म्हणाल पंधरा मिनिटं इकडेतिकडे झाली तर काय आभाळ कोसळतंय. पण समजा क्वेरीत लिहिलंय की गेल्या ४५ मिनिटांत आलेल्या ऑर्डर मोजा आणि बेरजेच्या टेबलात टाका. ९:४५ ला तिने ९:०० ते ९:४५ मोजलं. १०:०० ला पळाली तेव्हा तिने ९:१५ ते १०:०० मोजलं. ९:१५ ते ९:४५ मधली एकूणएक ऑर्डर दोनदा पडली. दर तासाला अर्धा तास डबल, म्हणजे ऑर्डर दिवसभर एकसारख्या येत असतील तर बेरीज सरळ दीडपट. आणि आकडा वाढलेला दिसला ना की कोण्णी तक्रार करत नाही, हे मी अनुभवाने सांगतो, कमी दिसला की मात्र पाच मिनिटांत फोन येतो.

यावर माझा उपाय असा की क्वेरीला 'गेल्या इतक्या मिनिटांतलं' असं बोलूच द्यायचं नाही. कुठपर्यंत मोजलं ते एका छोट्या टेबलात लिहून ठेवायचं आणि पुढच्या वेळी तिथून पुढे मोजायचं. मग मध्ये सर्व्हर दोन तास बंद पडला तरी हिशोब जुळतो, कारण साधा क्रॉन चुकलेली वेळ नंतर भरून काढत नाही, गेली ती गेली.

दुसरा किस्सा माझा स्वतःचा आहे, चूक पण माझीच. मी जिथे आधी होतो तिथे थकबाकीदार ग्राहकांना महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी नऊला आठवणीचा मेल जायला हवा होता. क्वेरी थकबाकी काढणार आणि मेल सोडणार. मी ओळ लिहिली

० ९ १-७ * १

म्हणजे मिनिट शून्य, तास नऊ, तारीख १ ते ७, महिना कुठलाही, वार सोमवार. पहिला सोमवार १ ते ७ मध्येच येतो, बरोबर ना? मी पण तेच म्हणालो. क्वेरी दहा वेळा हाताने चालवून बघितली, आकडे जुळवले, आणि महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी लावून मोकळा झालो. एक तारखेला बुधवार होता, मेल गेले. मला वाटलं काहीतरी टेस्टचं राहिलं असेल. गुरुवारी परत गेले. शुक्रवारी सकाळी सव्वानऊला फोन सुरू झाले आणि एक गृहस्थ मला म्हणाले की अहो पैसे काल भरले, आज परत का मागताय, तेव्हा मी ओळ नीट उघडून बघितली.

तर नियम असा आहे की तारीख आणि वार दोन्ही रकाने भरलेले असले तर क्रॉन 'आणि' धरत नाही, 'किंवा' धरतो. तारीख १ ते ७ असेल तरी पळ, किंवा सोमवार असेल तरी पळ. बाकीचे रकाने सगळे 'आणि' आणि हे दोनच 'किंवा'. ते सात दिवस अधिक उरलेले तीन-चार सोमवार, म्हणजे महिन्यातून दहा किंवा अकरा वेळा आम्ही लोकांच्या मागे लागणार होतो. मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे, मीच वाचलं नव्हतं. इलाज सोपा निघाला, वाराच्या जागी चांदणी (*, म्हणजे कुठलाही) ठेवली आणि आज सोमवार आहे का हे क्वेरीच्या आधी स्क्रिप्टमध्येच विचारलं.

बरं, सगळीकडे एकच नियम असता तरी ठीक होतं. क्रॉन हे नाव क्रोनोस या काळासाठीच्या ग्रीक शब्दावरून आलंय, १९७९ च्या युनिक्स सातव्या आवृत्तीत ते होतं आणि १९८७ मध्ये पॉल विक्सी यांनी स्वतःचं लिहिलं, आजही बऱ्याच लिनक्सवर त्याचीच पोरं-नातवंडं चालतात. पण जावा भाषेच्या जगात ह्याच कामासाठी क्वार्ट्झ आहे, तिथे ओळ सेकंदापासून सुरू होते म्हणजे पाचऐवजी सहा रकाने, आणि वाराचा आकडा पण वेगळा. क्रॉनमध्ये रविवार ० (७ लिहिलं तरी चालतं) आणि सोमवार १, क्वार्ट्झमध्ये रविवार १ आणि सोमवार २. क्रॉनचा वाराचा आकडा क्वार्ट्झमध्ये तसाच ठेवला की तुमचा सोमवारचा रिपोर्ट गुपचूप रविवारी येतो. क्वार्ट्झचं एक मात्र भारी आहे, तिथे पहिला सोमवार नुसतं २#१ असं लिहिता येतं. आणि वार आकड्यात न लिहिता अक्षरात लिहिला तर दोन्हीकडे कळतो, मी आता नेहमी तसंच करतो. हल्ली पोरं चॅटबॉटकडून ओळ लिहून घेतात, घेऊ देत, पण कुठल्या क्रॉनसाठी हवीय ते तरी सांगा त्याला.

अजून एक गंमत, खास क्वेरीवाल्यांसाठी. एकाने रद्द झालेल्या नोंदी शोधायची क्वेरी थेट क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या ओळी जिथे लिहितात ती फाइल) ओळीतच लिहिली, त्यात लाइक '%रद्द%' असं होतं, म्हणजे मजकुरात कुठेही 'रद्द' आलं तर शोध. टर्मिनलवर मस्त चालायची. क्रॉनमधून तीन आठवडे एकदाही चालली नाही. कारण क्रॉनटॅबमध्ये टक्क्याच्या चिन्हाला वेगळा अर्थ आहे, पहिला टक्का दिसला की कमांड तिथेच तुटते आणि पुढचं सगळं कमांडला इनपुट म्हणून जातं. बिचाऱ्या शेलला (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) मिळालं अर्धं वाक्य, अवतरण उघडलेलं आणि बंदच नाही. एरर येत होती, रोज येत होती, पण ती जात होती सर्व्हरच्या आतल्या मेलबॉक्समध्ये जो कोणी कधी उघडत नाही. टक्क्याच्या आधी उलटी तिरकी रेघ (\) दिली की भागतं, पण माझं मत विचाराल तर क्वेरी वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि क्रॉनमध्ये फक्त फाइलचं नाव द्या.

पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरत असाल तर पीजी-क्रॉन नावाचं एक्स्टेंशन आहे, ते डेटाबेसच्या आतूनच क्वेरी सोडतं त्यामुळे टक्क्याचा त्रास नाही, आणि कुठला जॉब कधी सुरू झाला, कधी संपला, काय एरर आली हे एका टेबलात लिहून पण ठेवतं. आधीची फेरी संपली नसेल तर त्याच जॉबची दुसरी फेरी थांबवून ठेवतं, साध्या क्रॉनला असली काही अक्कल नसते, दर पाच मिनिटांनी पळणाऱ्या जॉबला टेबल फुगल्यावर सात मिनिटं लागायला लागली की एकावर एक चढतात आणि एकमेकांच्या लॉकमध्ये अडकून बसतात. (लिनक्सवर फ्लॉक ही एका वेळी एकच फेरी चालू देणारी कमांड लावा, सुटाल.) पण पीजी-क्रॉन लावताना वेळ जीएमटीत (ग्रीनिचच्या वेळेत) धरतं हे लक्षात ठेवा, सेटिंग बदलता येतं पण मुद्दाम बदलावं लागतं. आपलं घड्याळ जीएमटीच्या पुढे, त्यामुळे डेटाबेसची स्वतःची तारीख पण जीएमटीत असेल तर आपल्या मध्यरात्रीनंतर लगेच पळणारी 'कालचा रिपोर्ट' वाली क्वेरी डेटाबेसच्या तारखेने परवाचा रिपोर्ट काढते, आणि तो इतका खरा वाटतो की मिटिंगमध्ये वाचला पण जातो.

आणि कृपा करून सगळं रात्री बाराला लावू नका. तुमच्या लेखातली पाचपैकी तीन उदाहरणं बाराच्या ठोक्याची आहेत. बॅकअप पण बाराला, रिपोर्ट पण बाराला, साफसफाई पण बाराला, मग डेटाबेस पहिली दहा मिनिटं गुदमरतो आणि नंतर रात्रभर मोकळा. घ्या ना १२:१७, घ्या २:४३, कोणाचं काही अडत नाही.

तर चौथ्या उदाहरणाची दुरुस्ती. दर ४५ मिनिटांनी हे पाच रकान्यांच्या एका ओळीत बसतच नाही. ४५ मिनिटांच्या चार उड्यांत तीन तास होतात आणि मग तीच मिनिटं परत येतात, म्हणून तीन ओळी लागतात, तिन्हींपुढे कमांड एकच:

०,४५ ०-२१/३ * * *
३० १-२२/३ * * *
१५ २-२३/३ * * *

पहिली ओळ ०:०० आणि ०:४५ पकडते, दुसरी १:३०, तिसरी २:१५, आणि ३:०० ला परत पहिली. कागदावर २४ तास लिहून तपासलंय, ३२ वेळा येतं. शुद्धिपत्रात जागा कमी असेल तर बाकी पत्र सोडून द्या पण या तीन ओळी छापा, आणि चांदण्यांमधली मोकळी जागा छापताना जाऊ देऊ नका, तुमच्या लेखात दोन ठिकाणी गेली आहे.

आपला,
डेटाबेस सांभाळणारा एक नेहमीचा वाचक