गोलीस पत्र

मडगाव,
12 डिसेंबर 2025

प्रिय गोली,

चवथीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. शिव्या दे, ऐकून घेतो. माझी शुगर ताब्यात आहे. माईचा मोतीबिंदू काढला, पुन्हा सुईत दोरा ओवते.

रविवारी फातोर्ड्याच्या स्टेडियमवर होतो. आपल्या एफसी गोवाची सुपर कप फुटबॉलची फायनल, समोर ईस्ट बंगाल, जादा वेळ धरूनही 0-0. पेनल्टी सुरू झाल्या तशी शेजारच्या तारवट्याने (बोटीवरच्या खलाशाने) मैदानाकडे पाठ केली. "हांव पळोवंक शकना, तुजें तोंड पळयतां," म्हणाला, आणि शेवटपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहिला. त्यांचा गोल झाला की माझ्या दंडात बोटं रुतवायचा. 6-5 ने जिंकलो तेव्हा मला बोलता येईना, तो तर आधीच रडत होता. दंड अजून निळा आहे.

हे तुलाच लिहायला हवं. 2015 ची इंडियन सुपर लीगची फायनल बघून तू परतलास ती रात्र आठव. नव्वदाव्या मिनिटापर्यंत आपण 2-1 ने पुढे, आणि बघता बघता चेन्नईयिनने 3-2 केलं. तू ओसरीवर नुसता बसून होतास आणि मी म्हणालो, "खेळच तो, एवढं काय मनाला लावून घेतोस?" शिगम्यापर्यंत बोलला नाहीस माझ्याशी. मला तेव्हा नाटकाच्या तालमीपुढे काही दिसत नव्हतं; फुटबॉल म्हणजे इथल्या, मडगावकडच्या साष्टीवाल्यांचं वेड, असंच आम्ही फोंड्यातले धरून चाललो होतो. गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकरांचा फोटो भूगोलाच्या वहीत ठेवणारा तू एकटाच. चुकलो रे मी. (माझी सायकल तू ओहळात घातलीस, ती माफी मात्र तुझ्याकडून यायची आहे.)

इथे बदली झाल्यावर संध्याकाळी खोली खायला उठायची. ऑफिसातल्या पोराने जादाचं तिकीट दिलं म्हणून गेलो, आणि पहिल्याच दिवशी या तारवट्याने विचारल्याशिवाय चण्यांचा अर्धा पुडा माझ्या हातात ओतला. तेव्हापासून आमची रांग ठरलेली. तारवटी, कुंकळ्ळीची नर्स, तिचा भाचा आणि मी. मॅच संपली की गाड्यावर रोस आमलेट, रश्शात बुडवलेलं. ऑक्टोबरात रोनाल्डोचा सौदी संघ अल नस्र आला, रोनाल्डो आला नाही म्हणून सगळे हळहळत होते. पण आपल्या ब्रायसनने गोल मारला तेव्हा त्या नर्सने मला अशी मिठी मारली की चष्मा तुटला. 2-1 ने हरलो, तरी गाड्यावर तासभर हललो नाही.

आणि आता बघ. लीग चालवायचा करार सोमवारी, फायनलच्या दुसऱ्याच दिवशी संपला. जुलैपासून मोसम अडकलेला आहेच, पुढची मॅच कधी ते कोणी सांगत नाही. गोली, माझ्याकडे त्यांच्यातल्या एकाचाही फोन नंबर नाही. कधी मागावाच लागला नाही, पुढची मॅच असायचीच. रविवारी गर्दीच्या लोटात चुकामूक झाली ती झालीच. तारवट्याचं पूर्ण नावही मला ठाऊक नाही; बाणावलीचा, एवढंच. बाणावलीत तारवटी किती, तूच सांग! काल संध्याकाळी स्टेडियमपाशी जाऊन आलो. गेट बंद, गाडा होता. आमलेटवाल्याने मला पाहून न विचारताच चार पाव काढले.

वहिनींची बदली झाली का? पोराचा बारावीचा अभ्यास कसा चाललाय? पुण्याच्या थंडीत गुडघा जप.

20 तारखेला त्या फायनलला दहा वर्षं होतील. रात्री फोन करतो, उचल.

तुझाच,
बंड्या