पंपाचे सील तोडण्यापूर्वी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लष्करी सेवेतून बाद झालेले जुने ट्रक पुन्हा चालू करणाऱ्यांविषयीचा आपला लेख वाचला. लेख मनापासून लिहिला आहे, पण ‘इंजिन ओढत नसेल तर आधी डिझेल पंप उतरवून खोलावा’ हा त्यातला सल्ला महागात पडेल, म्हणून हे पत्र. अशा ट्रकमध्ये दोष बहुतेक वेळा पंपाच्या अलीकडे, म्हणजे टाकी ते पंप या वाटेवर असतो. पंपातल्या प्लंजर (डिझेल दाबणारा दट्ट्या) आणि बॅरल (त्याची नळकांडी) यांमधली फट जेमतेम दोन-तीन मायक्रॉनची असते आणि प्रत्येक जोडी एकमेकांना जुळवूनच घासलेली असते. साध्या टेबलावर खोललेल्या पंपात धुळीचा कण गेला किंवा जोड्यांची अदलाबदल झाली, की चांगला पंपही निकामी होतो.

वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या ट्रकच्या बाबतीत मात्र स्टार्टर मारण्याआधी पंपाचे एक काम करायलाच हवे. इन-लाइन पंपाचे (प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा प्लंजर ओळीत असलेल्या पंपाचे) बाजूचे झाकण काढून रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, बोटाने पुढे-मागे सरकवून पाहा. ती अजिबात न अडखळता पूर्ण लांबीभर सरकली पाहिजे. जुन्या डिझेलचा चिकट थर साचून एखादा प्लंजर अडकलेला असतो आणि रॅक भरपूर डिझेलच्या बाजूला अडकलेली असेल, तर इंजिन चालू होताच सुसाट पळते आणि स्टॉप केबल ओढूनही थांबत नाही. अडकलेला प्लंजर स्वच्छ डिझेलमध्ये भिजू द्यावा आणि स्प्रिंगखालच्या वाटीला स्क्रूड्रायव्हरचा हलका आधार देऊन वर-खाली करावा. हातोडी लावू नये. पहिल्यांदा चालू करताना हवेच्या इनटेकचे तोंड झाकेल एवढी जाड फळी घेऊन एक माणूस तिथे उभा हवा. तळहाताने ते तोंड कधीही दाबू नये.

रॅक मोकळी असेल तर टाकीकडे वळावे. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये ताजे डिझेल घ्या आणि टाकीकडून येणारी नळी काढून कॅनमधून पारदर्शक नळी थेट फीड पंपाला (टाकीतून डिझेल खेचणाऱ्या छोट्या पंपाला) जोडा. आता इंजिन नीट चालले, तर पंप निर्दोष आहे. टाकीतला गाळ, तळाची जाळी, गंजलेली नळी किंवा आतून सोललेला रबरी पाइप, यांपैकीच काहीतरी सापडेल.

हवेचा दोष जास्त फसवा. फीड पंपाच्या अलीकडची नळी डिझेल खेचत असते, त्यामुळे तिथल्या सैल जोडातून डिझेल टपकत नाही, उलट हवा आत जाते. बाहेरून सगळे कोरडे दिसते. हँड प्रायमर (हाताने डिझेल भरायचा छोटा पंप) मारल्यावर इंजिन चालू होऊन एक-दोन मिनिटांत बंद पडते, हे याचे ठरलेले लक्षण. पारदर्शक नळीचा तुकडा मध्ये बसवला की बुडबुडे दिसतातच. बँजो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर दर वेळी नवे घालावेत. हवा काढताना आधी फिल्टरवरचा स्क्रू, मग पंपावरचा, आणि शेवटी इंजेक्टरकडचे (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाकडचे) नट एक-दीड फेरा ढिले करून स्टार्टर मारावा. स्टार्टर एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये मिनिटभर विश्रांती हवी.

हवा नाही, तरी चढावर ताकद जाते? मग फिल्टर आणि पंप यांच्या मध्ये गेज लावा. इन-लाइन पंपाच्या गॅलरीत (प्लंजरांना डिझेल पुरवणाऱ्या आतल्या पोकळीत) साधारण १ ते १.५ बार दाब हवा. भार आल्यावर तो कोसळत असेल तर फिल्टर तुंबला आहे. कायमच कमी असेल तर फीड पंपाच्या व्हॉल्व्हखाली कचरा अडकला आहे, नाहीतर जादा डिझेल परत सोडणाऱ्या ओव्हरफ्लो व्हॉल्व्हची स्प्रिंग ढिली पडली आहे. हा छोटासा व्हॉल्व्ह फारच कमी लोक तपासतात.

एखादा सिलिंडर मिसिंग करत असेल तर आयडलवर इंजेक्टरचे नट एकेक करून ढिले करावेत. ज्या नटाने इंजिनच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. हातमोजे आणि चष्मा हवेतच. त्या दाबाने उडालेले डिझेल कातडीत घुसते. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच रुग्णालय गाठावे. मग तो इंजेक्टर शेजारच्या सिलिंडरमध्ये टाकून पाहा. दोष त्याच्याबरोबर गेला तर इंजेक्टर खराब. तिथेच राहिला तर कॉम्प्रेशन मोजा, आणि तेही ठीक असेल तरच पंपाच्या त्या एलिमेंटकडे (त्या सिलिंडरच्या प्लंजर-बॅरल जोडीकडे) या. रॅक स्टॉपवर ठेवून हँड प्रायमर मारल्यावर डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या (प्लंजरवरून इंजेक्टरच्या नळीत डिझेल सोडणाऱ्या झडपेच्या) होल्डरमधून डिझेल झिरपले, तर तो व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही. होल्डर परत आवळताना टॉर्क पाना वापरावा. जास्त आवळला तर बॅरल वाकडे होते आणि मोकळी असलेली रॅक अडकते.

प्लंजर खरेच झिजले आहेत का, हे न खोलताही बरेचसे कळते. थंड इंजिन पटकन चालू होते, पण गरम झाल्यावर बंद केले की पुन्हा उठत नाही, कारण गरम, पातळ डिझेल झिजलेल्या प्लंजरच्या कडेने निसटते. इंजिन बंद असताना पंपावर ओले फडके ठेवून तो निववावा. त्यानंतर इंजिन उठले, तर पंप कॅलिब्रेशनला (यंत्रावर मोजून जुळवणीला) पाठवण्याची वेळ झाली. चालू, गरम पंपावर पाणी ओतणे टाळा, त्याने प्लंजर जाम होऊ शकतो. पंपाच्या तळातल्या ऑइलची पातळी वाढली असेल किंवा त्याला डिझेलचा वास येत असेल, तर फीड पंपाचा दांडाही तपासावा, फक्त प्लंजरवर आळ घेऊ नये.

अमेरिकी एम-३५ ए-२ ट्रकला हे सगळे जसेच्या तसे लागू होत नाही. त्याच्या सहा सिलिंडरच्या मल्टिफ्युएल (अनेक प्रकारच्या इंधनांवर चालणाऱ्या) इंजिनावर अमेरिकन बॉशचा पीएसबी पंप असतो. त्यात एकच प्लंजर फिरत-फिरत वर-खाली होतो आणि सहाही नळ्यांना डिझेल वाटतो. त्यामुळे एकच सिलिंडर मिसिंग करत असेल तर पंपाआधी इंजेक्टर आणि त्याची नळी पाहावी. टाकीत विजेवर चालणारा पंप असतो. स्विच लावून टाकीजवळ कान दिला की त्याची गुणगुण ऐकू यायला हवी.

पंप काढावाच लागला, तर आधी पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणून फ्लायव्हील आणि कपलिंगवर खुणा करून घ्याव्यात. इन-लाइन पंप क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे कपलिंगवर १ अंशाची चूक क्रँकवर २ अंशांची होते. आणि कमाल डिझेलचा सीलबंद स्क्रू, ताकद कमी वाटते म्हणून, कोणीही फिरवू नये. त्याने काळा धूर निघतो आणि पिस्टन जळतात. तो स्क्रू टेस्ट बेंचवर, ४० अंश सेल्सियसच्या कॅलिब्रेशन ऑइलवर, मोजूनच लावायचा असतो.

आपला नम्र,
एक वाचक