अथेन्सचा शिलालेख आणि आपल्या जत्रेची नाटके

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या चैत्रात मुलगा आणि सुनेबरोबर ग्रीसची राजधानी अथेन्स येथे आठ दिवस राहण्याचा योग आला. तेथील एका लहानशा स्मारकासमोर उभा असताना खानापूर-बेळगाव भागातील जत्रेच्या नाटकांविषयी जे मनात आले, ते आपल्या वाचकांपुढे मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

अ‍ॅक्रॉपोलिसच्या टेकडीवरील पार्थेनॉन मंदिराविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच टेकडीच्या दक्षिण उतारावर डायोनिसस या द्राक्षवेलींच्या आणि मद्याच्या देवाचे उघडे नाट्यगृह आहे, आणि मी तेथेच अधिक रमलो. इ. स. पूर्व पाचव्या शतकात या देवाचा मोठा उत्सव वसंतात, म्हणजे साधारण आपल्या फाल्गुन-चैत्रात भरत असे. उत्सवाच्या आधी देवाची लाकडी मूर्ती शहराबाहेर नेत, रात्री मशालींच्या उजेडात ती मिरवणुकीने परत आणत आणि नाट्यगृहात ठेवत, कारण नाटके देवासमोर व्हायची असत. शोकनाट्यांच्या स्पर्धेत तीन कवी उतरत आणि प्रत्येक जण तीन शोकनाट्ये व त्यांच्या शेवटी एक हलकेफुलके नाटक सादर करी. याशिवाय शहराच्या दहा विभागांतून प्रत्येकी पन्नास पुरुषांचा आणि पन्नास मुलांचा गायकवृंद येई. म्हणजे केवळ या गाण्यांसाठी एक हजार नागरिक महिनोन्‌महिने तालीम करीत. स्त्रियांच्या भूमिका मुखवटे लावून पुरुषच करीत. पालखी देवळासमोर येऊन टेकल्याखेरीज ज्यांच्या गावात नाटकाचा पडदा उघडत नाही, त्यांना यातले काहीही परके वाटणार नाही.

या खर्चाची व्यवस्था मला फार मोलाची वाटली. प्रत्येक वृंदाची तालीम, कपडे आणि इतर खर्च एका श्रीमंत नागरिकावर सोपवला जाई. त्याला ‘खोरेगॉस’ म्हणत. हे त्याचे सार्वजनिक कर्तव्यच मानले जाई. गायकवृंदांच्या स्पर्धेत त्याचा वृंद पहिला आला, तर बक्षीस म्हणून काशाची तिवई मिळे आणि ती तो स्वखर्चाने स्मारक बांधून त्यावर ठेवी. अशी स्मारके ज्या रस्त्यावर ओळीने उभी होती, त्याला प्लाका या जुन्या वस्तीत आजही ‘तिवयांचा रस्ता’ याच अर्थाचे नाव आहे.

त्या स्मारकांपैकी एकच आज जवळजवळ पूर्ण उभे आहे. ते लायसिक्रॅटीस नावाच्या गृहस्थाचे, इ. स. पूर्व ३३५-३३४ सालचे. सतराव्या शतकात कापुचिन या ख्रिस्ती पंथाच्या फ्रेंच साधूंनी ती जागा घेऊन स्मारक आपल्या मठातच सामावून घेतले, म्हणून ते वाचले. त्यावरील लेखात खर्च करणाऱ्या लायसिक्रॅटीसचे, त्याच्या बापाचे आणि गावाचे नाव आहे. मुलांच्या वृंदात कोणता विभाग जिंकला ते आहे. बासरीसारखे वाद्य वाजवणारा थिऑन, मुलांना शिकवणारा लायसिआडीस आणि त्या वर्षीचा शासनप्रमुख एव्हेनेटस यांचीही नावे आहेत. आपल्या भाषेत सांगायचे तर देणगीदाराच्या बरोबरीने पेटीवाला आणि तालीम मास्तर दगडावर कोरले गेले आहेत, आणि तेवीसशे वर्षांनंतर खानापूर तालुक्यातला एक म्हातारा ती नावे वाचू शकतो. उत्सवातील विजेत्यांच्या याद्याही अथेन्सकरांनी शिळांवर कोरून ठेवल्या होत्या. इ. स. पूर्व ४७२ मध्ये शोकनाट्यांचा कवी एस्किलस याच्या नाटकांचा खर्च, पुढे अथेन्सचा मोठा नेता झालेल्या पण तेव्हा अगदी तरुण असलेल्या पेरिक्लीसने उचलला होता, हे त्या याद्यांच्या तुकड्यांवरूनच कळते.

आता आपल्याकडे पाहावे. संगीत नाटकाला घडवणारे अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली याच जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मले. गोकाक-चिकोडीकडे श्रीकृष्ण पारिजाताचे कानडी खेळ रात्र-रात्र रंगत आले आहेत. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतील गावांत जत्रेला, विशेषतः वर्षानुवर्षांनी येणाऱ्या लक्ष्मी यात्रेला, गावातील मुलांनी नाटक बसवण्याची रीत आमच्या आजोबांच्याही आधीची आहे. सुगी आटोपली की देवळात तालीम सुरू होई, पडदे आणि रंगपटाचे सामान भाड्याने येई, पहिल्या रात्री मराठी नाटक झाले तर दुसऱ्या रात्री कानडी होई, आणि दोन्हींना प्रेक्षक तेच असत. मी स्वतः सात जत्रांत उभा राहिलो. त्यांपैकी पहिल्या दोन वेळा, मिसरूड फुटण्यापूर्वी, नायिकेच्या भूमिकेत.

एवढ्या मोठ्या व्यवहाराची नोंद मात्र हँडबिलापलीकडे कोणी केली नाही. त्या पातळ गुलाबी कागदावर नाटकाचे नाव, पात्रपरिचय, दिग्दर्शक, साथीदार, देणगीदार असे सगळे छापलेले असे, आणि जत्रा संपली की त्यात चिरमुरे बांधले जात. एका गावात देवळाचा जीर्णोद्धार करताना माळ्यावरच्या ट्रंकेतील नाटकांच्या हस्तलिखित वह्या आणि हँडबिलांचा गठ्ठा रद्दीत गेला. कोणी मुद्दाम केले नाही, पण ते ऐकून मला रात्रभर झोप लागली नाही. नव्या देवळात देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या लागल्या आहेत. त्यात गैर काहीच नाही, परंतु त्याच देवळासमोर चाळीस वर्षे पेटी वाजवलेल्या माणसाचे नाव त्या गावात आज फक्त पाच-सहा वृद्धांना ठाऊक आहे.

म्हणून प्रत्येक गावच्या यात्रा कमिटीला माझी विनंती आहे की, येत्या जत्रेपूर्वी एक जाड वही घालावी आणि तीत आठवेल तितक्या मागच्या वर्षापासून नाटकाचे नाव, भाषा, कलाकार, तालीम मास्तर, पेटी-तबल्याचे साथीदार आणि खर्च उचलणारे यांची नोंद करावी. मराठी आणि कानडी नाटके एकाच वहीत असावीत. घरात जुनी हँडबिले किंवा फोटो असतील त्यांनी त्यांची प्रत गावच्या वाचनालयात ठेवावी. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून या भागात उभे आहे; अशा संस्थांनी या वह्यांच्या प्रती जपण्याचे मनावर घेतल्यास काम टिकेल. आपल्या दैनिकानेही जत्रांच्या हंगामात आठवड्याला एका गावाची यादी छापावी.

परत आल्यापासून आमच्या गावची यादी मी करू लागलो आहे. १९६१ पासूनची नाटके आणि बहुतेक कलाकार जमले आहेत. १९६४ आणि १९६७ या दोन वर्षी पेटीवर कोण होते, ते मात्र अजून सापडलेले नाही. ज्यांना विचारायचे ते दोघेही गेल्या पावसाळ्यात गेले.

आपला,
जत्रेच्या नाटकांतील एक जुना कलाकार,
खानापूर तालुका, जि. बेळगाव