कंपाउंडमागचे वाळलेले गवत होळीआधी काढण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व सोसायटीच्या व्यवस्थापन समितीचे सदस्य,
जुळे सोलापूर

स.न.वि.वि.

कंपाउंडमागच्या मोकळ्या प्लॉटांवर कमरेइतके कुसळी गवत वाळून उभे आहे. काडी बारीक असल्याने रात्रीचा दमटपणा तासाभराच्या उन्हातच उडून जातो, आणि मग पेट घ्यायला विडीचे एक थोटूक पुरते. म्हणून हे काम होळीच्या आत व्हावे, ही कळकळीची विनंती.

कंपाउंडची भिंत आहे, मग काळजी कसली, असे काही जण म्हणतात. भिंत ज्वाळा अडवते, ठिणग्या नाही. वाऱ्यावर आलेली ठिणगी छज्ज्यावर साचलेल्या कडुनिंबाच्या पाचोळ्यात पडते, गच्चीवरच्या पुठ्ठ्यांत पडते, बाल्कनीच्या हिरव्या शेडनेटवर पडते. शेडनेट प्लास्टिकची असते. ती वितळून जळते थेंब खालच्या मजल्यावर टाकते. मागच्या बाजूची शेडनेट उन्हाळ्यापुरती काढावी. बंद कूलरचे गवताचे कोरडे पॅडही तितकेच धोक्याचे.

गवत काढताना भिंतीबाहेर निदान ३० फूट पट्टा १० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीवर आणावा. इमारतीला लागून ५ फुटांत तर काहीच नको, फक्त मुरूम किंवा शहाबादी फरशी. इथे जमिनीत काळा दगड वर आलेला आहे. ग्रास कटरचे लोखंडी पाते त्यावर आपटले की ठिणगी उडते आणि कापणाऱ्याच्या पायाशीच आग लागते. त्यामुळे नायलॉन दोरीचा कटर वापरावा, काम सकाळी दव असताना करावे आणि शेजारी पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवाव्यात. कापलेले गवत त्याच दिवशी उचलायलाच हवे. पडून राहिले तर उभ्या गवताइतकेच जळते. ते तिथेच पेटवून मोकळे होण्याचा मोह मात्र कोणी करू नये. प्लॉट दुसऱ्यांचे आहेत, तेव्हा मालकांना लेखी कळवून त्याची प्रत महापालिकेच्या विभागीय कार्यालयात द्यावी. ट्रान्सफॉर्मरखालचे गवत आपण कापू नये, ते वीज कंपनीकडूनच काढून घ्यावे.

होळी मागच्या कोपऱ्याऐवजी पुढच्या काँक्रीटवर, वाळूच्या थरावर पेटवावी. धुळवडीच्या सकाळी राख फावड्याने उलटून पाणी ओतावे, कारण आतले निखारे वरून दिसत नाहीत. वाळल्या गवतावर गाड्या लावणेही बंद करावे; तापलेला सायलेन्सर गवताला टेकतो.

आता पाणी. आपल्याकडे नळ रोज येत नाही, उन्हाळ्यात जमिनीतली टाकी तळाला जाते. घरगुती पंपाचा फुटव्हॉल्व (टाकीतले पाणी ओढणाऱ्या पाइपचे खालचे तोंड) वर उचलला, तर खालचे ५,००० लिटर पाणी कायम आगीसाठी राहील. होज रीलमधून (आग विझवायच्या गुंडाळलेल्या नळीतून) मिनिटाला २५ ते ३० लिटर पाणी जाते, म्हणजे हा साठा अडीच तासांहून अधिक पुरतो. आग लागली की कोणीतरी घाईत मेन स्विच पाडतो आणि रीलचा पंपही बंद पडतो. त्याचे कनेक्शन मेनच्या आधीच वेगळे घेतले आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. जिन्यातले ६ किलोचे पावडर सिलिंडर काही सेकंदांतच रिकामे होतात. गाडीला ठीक, माळाला नाही. आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचे, जानेवारी आणि जुलैत द्यायचे फॉर्म 'बी' प्रमाणपत्रही वेळेवर झालेले असावे.

प्रत्यक्ष आग लागल्यास आधी १०१ ला फोन. मागच्या गेटची किल्ली वॉचमनकडेच हवी आणि गेटसमोर साडेचार मीटर वाट मोकळी हवी. धूर आला की खिडक्या लावून कूलर बंद करावा, कारण तो बाहेरचा धूरच आत ओढतो. दम्याचे रुग्ण आणि आजी-आजोबांना पुढच्या बाजूला आणावे. गुडघ्याखालच्या ज्वाळा ओल्या गोणपाटाने झोडपता येतात, तेही जळून गेलेल्या बाजूने, सुती कपड्यांत. वाऱ्याच्या तोंडी कोणीही उभे राहू नये. गुडघ्याहून उंच ज्वाळांच्या वाटेला जाऊ नये.

येत्या सभेत कटरवाल्याचा दर आणि पंपाची तपासणी हे दोन विषय घ्यावेत. तारीख ठरल्यास कापणीच्या दिवशी आम्ही हजर राहू.

आपले विश्वासू,
मागच्या विंगमधील रहिवासी